दहा ते सहा

रात्री 9.30

क्वार्टरमधून निघताना हातात डबा, पाण्याची बाटली आणि टॉर्च. उन्हाळा आहे, म्हणून उजेड आधी जमिनीवर पाडायचा आणि मग पाय टाकायचा. क्वार्टर ते प्लॅटफॉर्म एवढ्याशा वाटेवर इंचूकिरडू काहीही निघतं.

हे स्टेशन कुर्डुवाडी ते लातूर या एकेरी मार्गावरचं. नाव सांगत नाही, कारण या रात्रीसारखी रात्र इथल्या कुठल्याही लहान स्टेशनावर जाऊ शकते. 1897 साली याच भागात बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी सुरू झाली. आता रूळ रुंद झालेत, वर विजेच्या तारा आल्यात. पण समोरासमोरून दोन गाड्या आल्या की एकीने बाजूला उभं राहायचं, हे काही बदललेलं नाही. कोणी थांबायचं ते सोलापुरातून कंट्रोल ठरवतं. ते घडवून आणणाऱ्या स्टेशन मास्तर बाई तिशीतल्या आहेत. पॉइंट्समन त्यांना मॅडम म्हणतात आणि त्या पॉइंट्समनना मामा.

सिग्नल पाडायला वेगळा माणूस असण्याची चैन अशा स्टेशनावर नसते. पुढच्या स्टेशनाकडून गाडीसाठी वाट मागणं, सांधे बदलणं, सिग्नल देणं, फाटकवाल्याला फोन करणं आणि मधूनच "लातूर गाडी कितीला?" याला उत्तर देणं, सगळं एकाच खुर्चीतून.

रात्री 9.50

चार्ज घ्यायचा. दुपारपाळीचे मास्तर घरी जायच्या घाईत असतात, पण इथे घाई चालत नाही. कुठली लाइन मोकळी, कुठे डबे उभे, कुठल्या किलोमीटरवर वेगमर्यादा, कोणतं उपकरण बिघडलेलं, रिले रूमची किल्ली कुठे, हे सगळं डायरीत वाचून खाली सही. सही झाली की पुढच्या आठ तासांत जे होईल ते आपलं.

ही सही करायचा हक्क मिळवणं सोपं नाही. पदवी लागते, रेल्वे भरती बोर्डाची दोन टप्प्यांची परीक्षा लागते. 2024 च्या जाहिरातीत पदवीधरांच्या 8,113 जागा होत्या, त्यांतल्या 994 स्टेशन मास्तरांच्या. लेखी पार पडली की संगणकावर अभिक्षमता चाचणी: बुद्धिमत्ता, निवडक लक्ष, नजरेने शोध घेणं, माहितीचा क्रम लावणं. प्रत्येक चाचणीत किमान 42 टी-स्कोअर हवा आणि त्यात कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही. शेवटच्या गुणवत्ता यादीत लेखीला 70 टक्के वजन आणि या चाचणीला 30. मग डोळे. मास्तरांची वैद्यकीय श्रेणी ए-टू, म्हणजे चष्म्याशिवाय 6/9 आणि लाल-हिरव्यात जराही गोंधळ नको. सगळी परीक्षा काढून इथे अडकलेली मुलं असतात. पुण्यातले क्लासवाले बऱ्याचदा ही गोष्ट फी भरून घेतल्यावर सांगतात.

मग भुसावळचं प्रशिक्षण केंद्र. मॉडेल रूममधल्या छोट्या रुळांवर गाड्या घेणं, सोडणं, आणि नियमांची पाठांतरं. सगळं पास होऊनही नेमणुकीच्या स्टेशनावर लगेच खुर्ची मिळत नाही. प्रत्येक स्टेशनाची स्वतःची कार्यनियमावली असते. ती वाचून, जुन्या मास्तरांच्या शेजारी बसून, "मला समजली" अशी लेखी हमी द्यायची, तेव्हा कुठे पॅनल, म्हणजे सांधे आणि सिग्नलांच्या बटणांचं टेबल, हातात येतं. दर तीन वर्षांनी पुन्हा उजळणी वर्गाला जायचं. डोळ्यांची तपासणी पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी, मग पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरसाल.

रात्री 11.20

ब्लॉकची घंटी वाजते. कुर्डुवाडीकडचे मास्तर खताच्या मालगाडीसाठी लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागतात. हो म्हणण्याआधी लूप, म्हणजे मेनच्या बाजूची लाइन, खरंच मोकळी आहे ना, हे बघायचं. पॅनल मोकळी दाखवतंय, तरी मामा बाहेर जाऊन नजर टाकून येतात. नियम एवढ्यावरही थांबत नाही: होम सिग्नलच्या पुढेही 180 मीटर वाट मोकळी हवी, ड्रायव्हरचा अंदाज चुकला तर गाडी घसरत यायला.

"देते लाइन क्लिअर. प्रायव्हेट नंबर चार-सात."

"चार-सात. बरोबर."

हा दोन आकडी नंबर गुप्त छापील तक्त्यातून घ्यायचा आणि वापरला की खोडायचा. पुढचा नंबर कुठला, हे पलीकडच्याला कळायला मार्ग नसतो. त्यामुळे झोपेत "हो हो" म्हणून वेळ मारून नेता येत नाही, आणि उद्या चौकशी झाली तर दोन्ही स्टेशनांच्या रजिस्टरांत तोच आकडा सापडावा लागतो. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि शेजारी सही.

रात्री 11.55

लातूरहून मुंबईला जाणारी एक्सप्रेस तिकडून निघालीय. म्हणजे आता क्रॉसिंग.

मालगाडी लूपवर येऊन पूर्ण थांबते. मॅडम प्लॅटफॉर्मवर उभ्या, मामा पलीकडच्या बाजूला. दोघांच्या हातात हिरवे दिवे आणि नजर चाकांवर. कुठे ॲक्सल तापलाय का, काही लोंबतंय का, धूर आहे का. शेवटी वाट बघायची ती शेवटच्या वाघिणीमागच्या लुकलुकत्या लाल दिव्याची. तो दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, मागे अर्धी तुटून राहिली नाही. मगच कुर्डुवाडीकडे घंटी: सेक्शन मोकळा. तो मोकळा झाला म्हणून आता एक्सप्रेससाठी तिकडची लाइन क्लिअर मागता येते.

लाइन क्लिअर मिळते. फाटक बंद. पॅनलवर सिग्नलचं बटण आणि मार्गाचं बटण एकदम दाबायचं. मेन लाइनवर पांढऱ्या दिव्यांची रांग उमटते. मार्ग बांधला गेला. थ्रू गाडीला सिग्नल द्यायचे ते उलट क्रमाने: आधी सर्वांत पुढचा ॲडव्हान्स स्टार्टर, मग स्टार्टर, सर्वांत शेवटी होम. सगळी वाट तयार झाल्याशिवाय आत यायचं आमंत्रणच नाही.

एक्सप्रेस स्टेशन हलवत निघून जाते. पांढऱ्याचे लाल झालेले दिवे एकेक करून विझतात. गार्ड हिरवा दिवा दाखवतो. 2022 पासून कागदावर तो ट्रेन मॅनेजर आहे, पण मामा त्याला गार्डच म्हणणार.

रात्री 12.30

आता मालगाडी सोडायची. लातूरकडच्या टोकाचा पॉइंट, म्हणजे सांधा, लूपकडे फिरवला, तर पॅनलवरचा त्याचा दिवा लुकलुकायला लागतो. पुन्हा मेनकडे घेतला की नीट बसतो. लूपकडे घेतला की नाही.

कंट्रोलचा फोन येणारच.

"काय झालं मॅडम? किती वेळ?"

"पॉइंट सेट होत नाहीये. मेंटेनरला कळवा. मामांना पाठवते बघायला."

"पटकन बघा, पुढे पाथ आहे."

मामा टॉर्च आणि वॉकीटॉकी घेऊन अंधारात चालत निघतात. इकडे मॅडम पहिलं काम करतात ते पॉइंटच्या बटणावर कॉलर चढवण्याचं, म्हणजे चुकूनसुद्धा बोट पडायला नको. पलीकडे मामांचा हात पॉइंटच्या दोन रुळांच्या फटीत असणार आणि त्या फटीची मोटर या बटणाला जोडलेली आहे. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देतो, कंट्रोल परत वाजतो. त्या मिनिटांत मास्तर काहीच करत नाहीत, आणि मला विचाराल तर अख्ख्या पाळीतलं सर्वांत अवघड काम तेच.

वॉकीटॉकी खरखरते. "मॅडम, खडा हुता बघा. हरभऱ्याएवढा बी न्हाई. काढला."

"हात बाहेर आहे ना मामा? लांब उभे राहा, मग सांगा."

"हाय. लांब हाय. घ्या आता."

गेलेल्या गाडीच्या हादऱ्याने असेल नाहीतर गुरांच्या पायाने, खडीचा एक खडा फटीत अडकला होता. पॉइंटच्या तपासणीत पाच मिलिमीटरची पट्टी मध्ये धरून बघतात. तेवढ्या अडथळ्यालाही पॉइंट लॉक होता कामा नये. म्हणजे यंत्रणेने बरोबर तेच केलं, ज्यासाठी ती आहे. खडा सापडला नसता तर क्रँक हँडलने पॉइंट हाताने फिरवायचा, क्लॅम्प लावून कुलूप घालायचं, ड्रायव्हरला लेखी अधिकारपत्र द्यायचं. तास कुठे गेला कळलं नसतं.

असा तास गेला की उशिराच्या खात्यात कोणाचं तरी नाव लागतं, म्हणून "जरा जमवून घ्या" असा सूर फोनवर येतो. पॉइंट आणि सिग्नल जुळले नाहीत तर काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे: 2 जून 2023 ला ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनावर कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि पॉइंट लूपकडे वळलेला. लूपवर मालगाडी उभी होती. पावणेतीनशेच्या वर माणसं गेली. चौकशीत निघालं ते सिग्नलच्या तारांच्या चुकीच्या जोडणीचं, म्हणजे पॅनल खोटं बोललं होतं. तेव्हापासून सिग्नलवाले दुरुस्तीला आले की त्यांच्या टी/351 मेमोवर सही करताना मास्तर जास्त प्रश्न विचारतात. आधीपासून विचारायला हवे होते, असं म्हणणं सोपं आहे. पूर्वी प्रश्न विचारणाऱ्याला आडमुठा म्हणत.

रात्री 1.10 ते 4

मालगाडी गेली. आता पहाटेपर्यंत गाडी नाही.

या रिकाम्या तासांवरच सगळा वाद आहे. रेल्वेत कामाच्या तासांचे नियम कामाची प्रतवारी लावतात. फार ताणाच्या ठिकाणी सहा तासांची पाळी. ज्याला सतत म्हणतात तिथे आठ तास, आठवड्याला 48. आणि निम्मा वेळ किंवा जास्त निष्क्रिय जातो असं कामाच्या मोजणीत ठरलं, तर तेच पद खंडित वर्गात जातं आणि पाळी बारा तासांची होऊ शकते. मोजणारा माणूस स्टेशनात बसून गाड्या, फोन, घंट्या टिपतो. गाडी नसलेला तास त्याच्या कागदावर कोरा येतो. पण रात्री पावणेतीनला घंटी वाजेल का, हे मास्तरला ठाऊक नसतं; वाजल्यावर पहिल्या सेकंदाला डोकं जागेवर हवं असतं. त्यासाठी मधला सगळा वेळ जागं राहावं लागतं, आणि ते कुठल्या रकान्यात येत नाही. हे स्टेशन सध्या आठ तासांत आहे. मोजणी पुन्हा होईल तेव्हा बघू, असं मामा म्हणतात.

रकान्यात न येणारं काम तेवढंच नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये याच रुळांवरून मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या खेपा झाल्या. टीव्हीवर पाणी आणि पुढारी दोन्ही दिसले. ती गाडी एकेक स्टेशन पुढे सरकवणारे मास्तर काही दिसले नाहीत. त्यांनी लाइन क्लिअर दिली, दिवा दाखवला, रजिस्टरात वेळ लिहिली.

जागं राहायची प्रत्येकाची रीत वेगळी. कोणी चहावर चहा, कोणी शेजारच्या स्टेशनाला फोन करून "झोपलात का साहेब?" विचारतं. मॅडम दिवसभराची रजिस्टरं तपासतात. खुर्चीत डुलकी लागलेली सापडली, तर त्याचा जबाब देताना गाडी नव्हती हे कारण होत नाही.

आणि पगार. मास्तर सातव्या वेतन आयोगाच्या सहाव्या स्तरावर भरती होतात: मूळ पगार 35,400 रुपये, वर महागाई भत्ता आणि इतर. क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता नाही. रात्रपाळीचा भत्ता दहा ते सहाचा असतो. रात्रीच्या प्रत्येक तासाला दहा मिनिटं जादा धरतात. आठ तासांची ऐंशी मिनिटं. तासाचा दर म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले 200. नुसता मूळ पगार धरला तर तासाला 177 आणि एका रात्रीचे 236 रुपये. महागाई भत्त्याने त्यात भर पडते.

2020 च्या आदेशाने त्यालाही मर्यादा घातली: मूळ पगार 43,600 च्या वर गेला की रात्रीचा भत्ता बंद. सहाव्या स्तरावर आठवी वेतनवाढ मिळाली की मूळ पगार 44,900 होतो. म्हणजे त्या आदेशाप्रमाणे नोकरीला आठेक वर्षं झाली की हिशेबापुरती रात्र दिवसासारखीच. रात्र मात्र तेवढीच लांब, आणि माणूस आठ वर्षांनी म्हातारा. देशभर स्टेशन मास्तरांनी यावर आंदोलनं केली, मेणबत्त्या लावून ड्यूटी केली. गाड्या अडवल्या नाहीत, त्यामुळे बातमी आतल्या पानावर.

पहाटे 4.40

मुंबईहून लातूरला जाणारी एक्सप्रेस. पुन्हा घंटी, नंबर, फाटक, दिवे. ही वेळ वाईट. पहाटेची झोप पापण्यांवर बसते. म्हणून मॅडम प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून करतात: मेन मोकळी, फाटक बंद, नंबर मिळाला. मामा दारातून ऐकतात आणि एखादा शब्द राहिला तर सांगतात.

सकाळी 6

चार्ज द्यायचा. पॉइंटची नोंद डायरीत आहेच, तरी तोंडीही सांगायची. सिग्नल मेंटेनर सकाळच्या पॅसेंजरने येऊन तो पॉइंट तपासणार. घरी आंघोळ, पोरीचा डबा, तिला शाळेच्या रिक्षात बसवून पडदे ओढून झोप.

सकाळी 9.40

फोन. नियमाने मॅडमना उद्या दुपारपर्यंत सलग तीस तासांची साप्ताहिक विश्रांती आहे. पण ती मिळण्यासाठी यायचा तो रेस्ट गिव्हर दुसऱ्या स्टेशनावर लावलाय आणि दुपारपाळीचे मास्तर तापाने आडवे.

"मॅडम, आज दोनची कराल का? रेस्ट नंतर जमवून देतो."

सहाला सुटून दोनला परत, म्हणजे मध्ये आठ तास. सतत वर्गात दोन पाळ्यांमध्ये दहा तासांपेक्षा कमी अंतर असेल तर नियम त्याला अपुरी विश्रांती म्हणतो. भुसावळला पाठ केलेलं असतं ते अशा वेळी उपयोगी पडतं.

"चारला येते. दोन ते चार इन-चार्ज एसएम साहेब बसतील का विचारा. आणि रेस्ट कुठल्या तारखेला देणार, ते आत्ता लिहून पाठवा."

"विचारून सांगतो."

"तारीख पण."

"हो, तारीख पण."