बंद पाकिटातला लेख

संशोधनाचा लेख जर्नलमध्ये छापून येण्याआधी एका चाळणीतून जातो. संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. ते अभिप्राय देतात आणि मग लेख घ्यायचा, दुरुस्तीला द्यायचा की नाकारायचा, हे ठरतं. याला पिअर रिव्ह्यू म्हणतात; मराठीत समकक्ष-परीक्षण म्हणू या. हे काम बहुतेक ठिकाणी गुपचूप चालतं. ते का, हे समजायला एक जुनी हकिकत उपयोगी पडते.

१९३६ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक लेख पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाला दाखवला. तज्ज्ञाने दहा पानांचं टिपण लिहून आक्षेप नोंदवले. टेटनी नाव न सांगता ते आइन्स्टाइनना पाठवलं. आइन्स्टाइन भडकले! लेख छापायला दिला होता, छापण्याआधी कुणाला दाखवायची परवानगी दिली नव्हती, असं कळवून त्यांनी तो परत घेतला.

तो तज्ज्ञ म्हणजे प्रिन्स्टनचे हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे त्यांची गाठ आइन्स्टाइनचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी पडली. रॉबर्टसननी गप्पांच्या ओघात चूक समजावून दिली, पण परीक्षक आपणच होतो हे ओठांवर येऊ दिलं नाही. १९३७ मध्ये लेख दुसऱ्या नियतकालिकात आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता आणि शेवटी रॉबर्टसन यांचे आभारही होते. परीक्षक तेच होते, हे २००५ मध्ये डॅनियल केनेफिक यांनी जर्नलच्या जुन्या नोंदींवरून दाखवून दिलं. त्या लहरी २०१५ मध्ये प्रत्यक्ष टिपल्या गेल्या.

या हकिकतीत गुप्तता दोन प्रकारची आहे. पहिली परीक्षकाच्या नावाची. समोरचा कितीही मोठा असला तरी त्याची चूक निर्धास्तपणे दाखवता यावी, म्हणून ती असते. काही जर्नलं लेखकाचं नावही परीक्षकापासून लपवतात. उत्तरपत्रिकेवरचा नंबर झाकतात ना, तसंच. पण झाकलेल्या नावाआडून बोचरं लिहिणारेही असतात. म्हणून ‘बीएमजे’सारख्या वैद्यकीय जर्नलने १९९९ पासून परीक्षकाचं नाव लेखकाला सांगायला सुरुवात केली.

दुसरी गुप्तता लेखातल्या मजकुराची, आणि तिच्याबाबत मतभेद फारसा नाही. न छापलेला लेख ही दुसऱ्याची ठेव आहे. त्यातली कल्पना वापरायची नाही, चहाच्या टपरीवर चर्चायची नाही. एका अमेरिकन डॉक्टरांचा लेख ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने नाकारला, आणि परीक्षकांपैकी एकाने तोच दुसरीकडे आपल्या नावावर छापला. चोरी उघड झाल्यावर तो मागे घेतला गेला. मूळ लेखकाचं चोराला उद्देशून लिहिलेलं पत्र २०१६ मध्ये ‘ॲनल्स’नेच छापलं. त्या माणसाची वर्षांची मेहनत अशी गेली होती.

आता नवीनच वाट फुटली आहे. लेख एआय चॅटबॉटमध्ये टाकून अभिप्राय लिहून घ्यायचा! पण टाकलेला मजकूर कुठे साठतो, कोण पाहतं, यावर आपला ताबा राहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २०२३ मध्ये अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षणात असा वापर करायला बंदी घातली.

आपल्यापैकी काहीजण उद्या पीएचडी करतील. एखाद्या दिवशी मार्गदर्शक परीक्षणाला आलेला लेख पुढे करून म्हणतील, ‘जरा बघ रे.’ शिकण्याची संधी मोठी आहे, सोडू नये. फक्त आधी विचारावं, ‘सर, संपादकांना कळवलंय ना?’ बहुतेक जर्नलं मदतनिसाचं नाव कळवलं की हरकत घेत नाहीत. लेखात चोरी किंवा बनावट आकडे दिसले तरी गप्प बसायचं नाही. पण सांगायचं ते संपादकालाच. काम संपलं की फाइल पुसून टाकायची, आणि विषय तिथेच सोडायचा.