अंधार पुसू नका

संक्रांत आली की दिवस मोठा होऊ लागला असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण ही वाढ सुरुवातीला जवळजवळ सगळी संध्याकाळच्या पदरात पडते. ठाणे-कल्याणकडे वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय डिसेंबरात होत नाही, तो जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या आसपास होतो आणि महिना सरेपर्यंत तिथून फारसा हलत नाही. त्यात भर प्रमाणवेळेची. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली, आणि कल्याण साधारण ७३.१ अंशांवर. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने इथला सूर्य घड्याळाच्या सदतीस-अडतीस मिनिटं मागे राहतो. त्याच दिवसांत कोलकात्यात सव्वासहाच्या पुढेमागे ऊन पडू लागतं. लोकल मात्र दोन्हीकडे घड्याळावरच सुटणार. ती पकडणाऱ्यांच्या हातात पेपर आणि घरात दूध पोचवायचं म्हणजे पेपरवाले, दूधवाले, झाडूवाले, बाजार समितीतले हमाल यांनी त्याआधी कामाला लागायचं. म्हणून या पट्ट्यात हिवाळ्यातलं उघड्यावरचं कितीतरी काम चक्क काळोखात उरकलं जातं. हौशी लोक अलीकडे या कामाचे फोटो पुष्कळ काढतात. माझं म्हणणं असं की, अंधार हीच त्या फोटोतली सर्वांत महत्त्वाची माहिती असते, आणि आजचा कॅमेरा नेमकी तीच आधी पुसून टाकतो.

सूर्योदयाआधीचा उजेड मुळात फार थोडा वेळ मिळतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर आला की आकाश कामापुरतं उजळायला लागतं. तिथपासून सूर्योदयापर्यंत आपल्याकडे तेवीस-चोवीस मिनिटं जातात, म्हणजे जुन्या मापाने एक घटका. लंडनला डिसेंबरात यालाच चाळीस मिनिटं लागतात. त्यामुळे तिकडच्या पुस्तकांतला पहाटेच्या निळ्या प्रकाशाचा ऐसपैस सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. घटकेच्या सुरुवातीला आकाशाचा उजेड जेमतेम तीन-साडेतीन लक्स असतो, रस्त्यावरचा दिवा त्याहून जोरकस. पुढच्या दहा मिनिटांत आकाश दिव्यावर मात करतं. डोक्यावरच्या गर्द निळाईचं श्रेय बरंचसं ओझोनला जातं, तो प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. हे हलबर्ट या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये दाखवून दिलं. पण ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय त्यातले बरेच जण ही निळाई पसरेपर्यंत निम्मं काम संपवून बसलेले असतात. त्यांचा खरा उजेड ट्यूबलाइटचा, चहाच्या टपरीचा, टेम्पोच्या हेडलाइटचा.

स्टेशनाबाहेर पेपरांचे गठ्ठे सोडून पुरवण्या घालण्याचं काम पाहा. बंद दुकानाच्या पायरीवर चार-पाच जण उकिडवे बसलेले, वर एखादाच दिवा. फोटो येणारच नाही असं वाटतं. पण मधे पसरलेला कोरा करकरीत कागद दिव्याचा उजेड खालून चेहऱ्यांवर फेकत असतो. स्टुडिओत यासाठी पांढरा पुठ्ठा धरतात, इथे तो मालाच्या रूपाने हजर आहे. एफ २ ची लेन्स, आयएसओ १६०० आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग एवढ्यावर अशा जागी बहुधा भागतं. पुरवणी सरकवणारा अंगठा किंचित हलेल, हलू द्यावा. दिवा पोचत नाही तिथे काळं राहील, तेही राहू द्यावं.

फोनचा नाइट मोड हे राहू देत नाही. तो एकामागून एक अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, काळ्यातला तपशील उपसून वर काढतो. परिणाम बघायला छान. फक्त सहाचा फोटो आठचा दिसतो. आकाश राखाडी-निळं होतं, दिवे उगाच पेटत ठेवल्यासारखे वाटतात, आणि सराईतपणे फिरणारा खराटा अर्धवट विरघळतो. यावर एक आक्षेप रास्त आहे: माणसाचा डोळा अंधाराला सरावतो आणि साध्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त पाहतो, मग उजळलेला फोटोच डोळ्याच्या जवळ नाही का? आकार ओळखण्यापुरतं हे मान्य. पण मंद उजेडात डोळ्याला रंग फिके दिसतात, लाल तर काळपट पडतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टिपून ठेवलं आहे. नाइट मोड मात्र अंधार उपसताना रंगही भरघोस भरतो. असं दृश्य त्या जागी उभ्या असलेल्या कोणीच पाहिलेलं नसतं.

फ्लॅशचा उपाय आणखी वाईट, निदान सफाई कामगारांच्या बाबतीत. त्यांच्या जाकिटावरची चमकती पट्टी आलेला प्रकाश आल्या दिशेलाच परत पाठवते. गाडीवाल्याला माणूस दिसावा म्हणून ती असते. फ्लॅश मारला की फोटोत दोन पांढरेशुभ्र पट्टे उरतात आणि त्यांच्यामागे चेहरा हरवतो.

दुसऱ्या टोकाला सिल्हूटवाले आहेत. खाडीवरची होडी, धुक्यातला हातगाडीवाला, मागे तांबडं आकाश. अशा फोटोंना बक्षिसं मिळतात, आणि ते सुंदर असतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सौंदर्याची किंमत माणूस चुकती करतो: त्याचं वय, त्याने कानाला गुंडाळलेला मफलर, त्याच्या हातातली वस्तू, सगळं काळ्या ठिपक्यात जातं. शिवाय ते धुकं म्हणजे निव्वळ धुकं नसतं. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे धूर आणि धूळ खालीच कोंडतात. डोंबिवलीकरांना हे सांगायला नको. कारखान्यांच्या प्रदूषणामुळे जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी हिरवा पाऊस पाहिला, २०२० मध्ये एमआयडीसीतला गुलाबी रस्ता. ज्या पडद्यामुळे फोटो तरल दिसतो तोच झाडू मारणाऱ्याच्या छातीत जातो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, त्यांत घाण आहे, थकवा आहे आणि ओळखू येणारे चेहरे आहेत. म्हणूनच ते लक्षात राहतात.

चेहरा हवा म्हटलं की परवानगी आली. विचारलं की माणूस सावध होतो, सहजता जाते, असं म्हणतात. काही अंशी खरं. पण अंधारात फोटो काढणारा समोरच्याला दिसतही नाही, हेही विसरू नये. विशेषतः एकट्याने काम करणाऱ्या बाईला न दिसणारा कॅमेरा म्हणजे धास्ती. आधी दिव्याखाली जाऊन उभं राहावं, काका-मावशी म्हणून विचारावं, नाही म्हटलं तर निघावं. हो म्हटलं तरी पाचच मिनिटांत ती माणसं कामात इतकी गढतात की सहजता परत येते. त्यांना थांबायला वेळच कुठे असतो!

वर फ्लॅशला नावं ठेवली, पण अमेरिकेत १९०८ पासून बालकामगारांचे फोटो काढणारा लुइस हाइन फ्लॅशची भुकटी सर्रास वापरत असे, मग त्याचं काय? त्याला कारखान्यात मुलं आहेत हे सिद्ध करायचं होतं, तिथे अंधार आड येत होता. इथे काम किती वाजता चालतं हे सांगायचं आहे. मात्र हाइनची एक सवय उचलण्याजोगी आहे: ठिकाण, मुलाचं वय, कधी कधी नेमकी वेळसुद्धा तो फोटोखाली लिहून ठेवायचा. आपण फोनच्या भरवशावर राहतो. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आत नोंदलेली वेळ आणि जागा गमावून बसतो. तेव्हा ओळ हाताने लिहावी, ‘डोंबिवली पूर्व, जानेवारी, सकाळी ६.१०, पुरवण्या घालताना’ इतकी साधी चालेल, आणि तो फोटो ज्यांचा आहे त्यांनाही त्या ओळीसकट द्यावा.