पाचवीनंतरची सीमारेषा

दिल्लीतील शाळांचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट २०२६-२७ पासून लागू करण्याचा निर्णय शिक्षण संचालनालयाने २०२५ मध्ये जाहीर केला. आधार केंद्राच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणाचा. परंतु सरकारी प्राथमिक शिक्षणाचा मोठा भार महापालिकेवर आणि सहावीपासूनची जबाबदारी प्रामुख्याने दिल्ली सरकारवर. २०१२ मध्ये त्रिभाजित झालेली महापालिका २०२२ मध्ये पुन्हा एक झाली. पाचवी-सहावीमधील ही प्रशासकीय सीमारेषा मात्र पुसली गेली नाही. पूर्वप्राथमिकच्या वाढीव वर्षासाठी वर्गखोल्या हव्यात, शिक्षक हवेत. त्यांची तरतूद कोणी करायची, यावर तिन्ही सत्ताकेंद्रांचे एकमत नसेल, तर किंमत मोजावी लागेल ती पहिलीच्या उंबरठ्यावर थांबविलेल्या मुलालाच.