सांडपाण्याची वाट (भाग ५) : वर गाव, खाली तलाव

पाषाण तलावावर पहाटे पक्षी बघायला आलेला नवखा माणूस जलपर्णीचा गालिचा पाहून म्हणतो, "काय हिरवंगार आहे!" त्याला एक रोप ओढून काढायला सांगावं. फुगलेला देठ दाबला की स्पंजासारखा दबतो. खाली हातभर काळी मुळं लोंबतात, त्यांना काळपट गाळ चिकटलेला असतो. वास आला की हे रोप कशावर पोसलंय ते वेगळं सांगावं लागत नाही.

शेतकरी पैसे मोजून युरिया आणि सुपर फॉस्फेट आणतो. जलपर्णीला तेच नत्र आणि स्फुरद आपल्या संडास-मोरीतून फुकट मिळतं, आणि रामनदी ते घरपोच आणून देते. ही नदी भुकूमच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते आणि भूगाव, बावधन करत पाषाण तलावात येते. पुढे सुतारवाडी, बाणेरमार्गे ती मुळेला मिळते. इंग्रजांनी गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला पाणी देण्यासाठी हा तलाव वापरला, तेव्हा वरच्या अंगाला लहान गावं आणि शेतं होती. आता तिथे टॉवर उभे आहेत.

हिशेब करून बघा. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे दहा हजार वस्तीचं रोज जवळपास ११ लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभरावर टँकर. गंमत अशी की उन्हाळ्यात टँकरने पाणी विकत घेणाऱ्या सोसायट्यांचंही सांडपाणी ओढ्यालाच जातं. ग्रामपंचायतीने या पाण्याचं काय करावं? तिच्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी आणि मोजके कर्मचारी. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत आलं, भूगाव-भुकूम मुळशी तालुक्यातच राहिली. नदी एकच, तिचे मालक मात्र दोन. खालच्याने जलपर्णी काढायची आणि वरच्याने खत पाठवत राहायचं, असा हा संसार आहे.

पाणी शुद्ध करण्याची पहिली पायरी पुण्याला नवी नाही. पेशव्यांच्या काळात कात्रजला वर-खाली दोन तलाव होते; वरच्यात गाळ बसायचा आणि खालच्यातलं निवळलेलं पाणी नळाने शहरात यायचं. मैलापाणीसुद्धा आधी असंच निवळू देतात. मग दुसरी पायरी : ब्लोअरने हवा सोडायची, म्हणजे जंतू विरघळलेली घाण खातात. ती खायला त्यांना किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं की 'बीओडी' कळतो. आपल्याकडे पाण्याची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवून हे बघतात. कच्च्या मैलापाण्यात लिटरला दोनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त बीओडी सहज सापडतो. चांगल्या प्रकल्पातून तो दहापर्यंत उतरतो.

पण घोडं इथेच अडतं. बीओडी उतरला तरी स्फुरद बराचसा पाण्यात राहतो. वाहत्या नदीत तो पुढे निघून जातो, तलाव मात्र कंजूष सावकारासारखा साठवून ठेवतो. त्यामुळे वरच्या गावात प्रकल्प झाला, पाणी काचेसारखं दिसू लागलं, तरी जलपर्णी हटेलच असं नाही. तलावाच्या वरचा प्रकल्प स्फुरद काढणाराच हवा, असं माझं मत. निविदेत ती अट पहिल्या पानावर असावी.

शिवाय ब्लोअर विजेवर चालतो. बिल थकलं, मोटार जळली की जंतू गुदमरतात आणि प्रकल्प नुसती टाकी होतो. लहान गावाला नागपूरच्या नीरीचं 'फायटोरिड' अधिक झेपेल. खडीच्या वाफ्यांत कर्दळ, पाणकणीस लावायचं, त्यातून पाणी सावकाश सोडायचं, बाकी काम मुळं आणि त्यांवरचे जंतू करतात. जागा मात्र लागते, आणि भूगावच्या रस्त्यालगत गुंठ्याचा भाव विचारायची सोय राहिलेली नाही. शिवाय वाढलेली कर्दळ वेळच्या वेळी कापून बाहेर न्यावी लागते, नाहीतर ती तिथेच कुजते आणि घेतलेलं सगळं पाण्याला परत करते.

जलपर्णीचंही तसंच. पोकलेन ती उपसतो, काठावर ढीग घालतो आणि बिल निघतं. ढीग वेळेत उचलला नाही तर जूनच्या पहिल्या सरीत त्याचा काळा रस पुन्हा तलावात उतरतो.

(पुढच्या आठवड्यात : सेप्टिक टँक उपसणारा टँकर रिकामा कुठे होतो?)