फरक भरून वरच्या डब्यात

सप्टेंबर 2022 च्या अखेरीस मुंबईच्या लोकलमध्ये एक छोटा बदल झाला. फर्स्ट क्लासचा पास असलेल्यांना तिकीट खिडकीवर भाड्यातला फरक भरून तोच पास एसी लोकलचा करून घेता येऊ लागला. त्याआधी एसीने जायचं मनात आलं, तर जुना पास संपायची वाट पाहायची, नाहीतर दर खेपेला वेगळं तिकीट काढायचं. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या नोकरदारांना वरच्या वर्गात जायची सोपी वाट मिळाली, पण तिथवर पोचेपर्यंत बरंच काही घडून गेलं होतं.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, 14 डबे आणि सुमारे 400 निमंत्रितांना घेऊन. 1 मे 1854 ला रूळ कल्याणला पोचले. पुढे या पट्ट्यात चाळी आणि सोसायट्या उभ्या राहिल्या, बँकेतले, मंत्रालयातले, गिरणीच्या ऑफिसातले लोक राहायला आले, आणि फर्स्ट क्लासचा पास ही बढतीची खूण ठरली. सीटची गादी जरा जाड आणि माणसं जरा कमी, एवढाच काय तो थाट. ती माणसंही पुढे कमी राहिली नाहीत. सकाळी साडेआठला डोंबिवलीत फास्ट लोकल लागते तेव्हा फर्स्ट क्लासच्या दारातही पाऊल टेकवायला जागा शोधावी लागते. जाळीच्या पलीकडे सेकंड क्लास तितकाच भरलेला असतो. साधा पास घेऊन कुणी इकडे चढला आणि टीसीच्या हाती लागला, तर भाड्यातल्या फरकावर किमान 250 रुपये दंड बसतो. तरी फर्स्ट क्लासचे पास निघत राहिले, कारण निदान कोपर हलवता येईल ही आशा काही सुटत नव्हती.

एसी लोकल आधी पश्चिम रेल्वेवर धावली, 25 डिसेंबर 2017 ला. ठाण्याला ती दिसली जानेवारी 2020 च्या अखेरीस, ट्रान्स-हार्बर मार्गावर. लगेच कोरोना आला. 17 डिसेंबर 2020 पासून मुख्य मार्गावर सीएसएमटी-कल्याण पट्ट्यात एसीच्या फेऱ्या सुरू झाल्या, पण सुरुवातीची गाडी निम्मीसुद्धा भरत नसे. कारण उघड होतं. एसीचं भाडं फर्स्ट क्लासच्या मूळ भाड्याच्या 1.3 पट धरलं होतं. फलाटावर घामाघूम उभ्या असलेल्या माणसांसमोरून थंडगार, मोकळी गाडी निघून जाई आणि ते पुढच्या साध्या लोकलकडे डोळे लावून बसत.

2022 ने चित्र पालटलं. 18 फेब्रुवारीला ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली. बाहेरगावच्या गाड्यांना वेगळे रूळ मिळाले आणि लोकलच्या 36 फेऱ्या वाढल्या. त्यातल्या तब्बल 34 एसी होत्या. मग 5 मे पासून तिकिटं उतरली. पाच किलोमीटरपर्यंतचं एसीचं भाडं 65 रुपयांवरून 30 वर आलं, फर्स्ट क्लासचं 50 वरून 25 वर. मे महिन्याचा उकाडा आणि निम्मं भाडं असा योग जुळला, तशी एसी भरू लागली. पासाचे दर मात्र जिथल्या तिथे राहिले, आणि रोज जाणाऱ्याचा सगळा हिशोब तर पासावरच असतो. त्यामुळे सप्टेंबरमधली फरक भरायची सोय कामाची ठरली.

विमानाच्या जगातही वरच्या वर्गाची वाट अशीच हळूहळू उघडत गेली. 2003 मध्ये एअर डेक्कन आली ती एकाच वर्गाची स्वस्त विमानं घेऊन. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर तिच्या ताफ्यातली काही विमानं स्पाइसजेटकडे गेली आणि त्यांच्यासोबत बिझनेस क्लासच्या खुर्च्याही. 14 नोव्हेंबर 2024 पासून इंडिगोने दिल्ली-मुंबई मार्गावर पुढे 12 रुंद खुर्च्या दिल्या, भाडं 18,018 रुपयांपासून. पण विमानात पुढे रुंद खुर्ची घेणाऱ्यामुळे मागच्याची ठरलेली वेळ जात नाही. लोकलमध्ये ती जाते. सगळी मेख इथेच आहे.

रूळ तेवढेच, सिग्नल तेवढेच. नवी मार्गिका नसेल तर एसी लोकल येते ती एखाद्या साध्या लोकलच्या वेळेवर. ऑगस्ट 2022 मध्ये मध्य रेल्वेने एसीच्या 10 फेऱ्या वाढवून 66 केल्या, तेव्हा 19 तारखेला कळव्यात प्रवासी रुळांवर उतरले. कारशेडमधून निघणारी गाडी हाच तिथल्या अनेकांचा आधार होता, आणि आता तिची दारं बंद होती. पाठोपाठ बदलापुरात स्टेशन मास्तरांना घेराव पडला. 25 ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या. कळवेकरांचा राग थंड हवेवर नव्हता. त्यांची रोजची गाडी कुणी न विचारता काढून घेतली होती, आणि तो राग रास्तच होता.

नोव्हेंबर 2023 मध्ये त्या 10 फेऱ्या परतल्या. 16 एप्रिल 2025 पासून आणखी 14 वाढून एसीच्या फेऱ्या 80 झाल्या. मध्य रेल्वेच्या एकूण फेऱ्या 1,810 होत्या, त्या 1,810 च राहिल्या.

मधल्या काळात एसीलाही गर्दीने गाठलं. संध्याकाळी ठाण्याला दार मिटायला येतं आणि कुणाच्या तरी पाठीवरची सॅक मध्ये अडकते. दार पुन्हा उघडतं. पोलीस बाहेरून ढकलतात, आतले ओरडतात, मोटरमन थांबून राहतो आणि मागच्या गाड्या तुंबतात.

9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या. दारात लटकलेले प्रवासी एकमेकांवर घासून खाली पडले. त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवायचं जाहीर केलं, साध्या लोकलसाठीही, हवा खेळती राहील अशा रचनेसह. फरक भरून एसीत चढणाऱ्या कितीतरी जणांना गारव्याइतकंच, किंबहुना जास्त, ते बंद दार हवं असतं. घरच्यांना तर तेवढंच हवं असतं. पण साध्या पासाच्या कितीतरी पट पैसे मोजल्यावरच माणूस दाराच्या आत सुरक्षित असावा, हे पटणारं नाही. दार ही चैन नव्हे. ते सेकंड क्लासला आधी लागायला हवं होतं.

फेऱ्या खरोखर वाढायच्या तर रूळ वाढले पाहिजेत. पाचवी-सहावी मार्गिका कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत अजून गेलेली नाही. कळवा-ऐरोली उन्नत मार्गातलं दिघा गाव स्थानक 12 जानेवारी 2024 ला सुरू झालं, पण कळव्याकडचा जोड रुळांलगतच्या घरांच्या पुनर्वसनापाशी अडला आहे. तो झाला की कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्यात उतरावं लागणार नाही आणि ठाण्याच्या फलाटांवरची गर्दी हलकी होईल. आज ऐरोलीच्या ऑफिसात जाणारा डोंबिवलीकर, पास फर्स्ट क्लासचा असो की एसीचा, ठाण्याला उतरतो, पूल चढतो आणि ट्रान्स-हार्बरच्या फलाटाकडे धावतो.