विश्रामबागेतले वर्ग

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर उभं राहिलं की दर्शनी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब डोळ्यांत भरतात, आणि आठवतात दुसरे बाजीराव. वाडा त्यांनीच बांधून घेतला. पण ते इथे राहिले जेमतेम दहा-अकरा वर्षं. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि वाड्याचं खरं मोठं आयुष्य सुरू झालं.

१८२१ मध्ये इंग्रज सरकारने इथे संस्कृत पाठशाळा काढली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटत. त्याच दक्षिणेच्या पैशातून तिचा खर्च निघे. पेशव्यांच्या महालात आता न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष यांचे पाठ घुमू लागले. प्रवेश होता तो ब्राह्मण मुलांनाच.

आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच वाड्यात जोतीराव फुल्यांचा सत्कार झाला! मुलींसाठी शाळा काढल्या म्हणून इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना शालजोडी मिळाली. स्त्रीशूद्रांना विद्येचा अधिकार नाही असं मानणाऱ्या पुण्यात, पाठशाळेच्याच छपराखाली, माळी समाजातल्या तरुणाचा सरकारी मान. पुण्याच्या शिक्षणाच्या इतिहासात याहून विलक्षण प्रसंग मला तरी दुसरा दिसत नाही.

पाठशाळेचं एव्हाना पूना कॉलेज झालं होतं. पुढे त्याचंच डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याला गेलं. वाड्यात मग सरकारी हायस्कूल भरू लागलं.

राजवाड्याची शाळा इतक्या सहज कशी होते? उत्तर वाड्याच्या बांधणीत आहे. आतल्या बाजूला मजल्यांचा भार पेलतात ते लाकडी खांब आणि तुळया. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. चार खण मोकळे ठेवा, दिवाणखाना झाला. मध्ये पडदी घाला, दोन वर्ग झाले. चौकातून उजेड आणि वारा येतोच, आणि चौकाभोवतीच्या ओसरीतून कुठल्याही खोलीत जाता येतं. बांधणाऱ्यांनी खोलीला कायमचं एकच काम नेमून दिलं नव्हतं, म्हणून ती कुठल्याही कामाला लागू शकली.

पण लाकूड म्हटलं की आगीचं भय आलंच. १८७९ च्या मे महिन्यात वाड्याला आग लागली आणि त्याचा मोठा भाग जळाला. तो पुन्हा उभारला गेला. १९३० ते १९५९ या काळात इथून पुण्याचा नगरकारभार चालला, आधी नगरपालिकेचा, मग महापालिकेचा. टपाल कचेरीही इथे होती. अलीकडे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन इथे मांडलं गेलं.

वाडा सोडून गेलेल्या विद्येचं काय झालं, हे पाहायचं असेल तर येरवड्याला जा. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा एक महाकोश तयार होतो आहे. त्याचे अनेक खंड छापून झाले आहेत, आणि काम अजून चालूच आहे.