उजेडाची मात्रा

अमेरिकेतल्या एका अभियंत्याला स्वतःच्या मनःस्थितीच्या नोंदी ठेवायची सवय होती. वर्षानुवर्षांच्या वह्या चाळताना त्याच्या लक्षात आलं, की दिवस लहान होऊ लागले की आपलं मन खचतं आणि वसंत आला की पुन्हा उभारी धरतं. या नोंदी घेऊन तो मेरिलँडमधल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांकडे गेला. तिथल्या आल्फ्रेड ल्यूई यांनी १९८० मध्येच दाखवून दिलं होतं, की रात्री शरीरात तयार होणारं मेलाटोनिन प्रखर उजेडाने रोखता येतं; खोलीतल्या नेहमीच्या दिव्याने ते साधत नाही. मग ६३ वर्षांच्या या गृहस्थांना ऐन हिवाळ्यात सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सात प्रखर दिव्यांसमोर बसवलं गेलं. चार दिवसांत फरक दिसू लागला.

एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे खरंच. पण त्याच संस्थेतले नॉर्मन रोझेन्थाल यांना हा अनुभव ओळखीचा वाटला. जोहान्सबर्गच्या उन्हात वाढलेले रोझेन्थाल न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात स्वतःच मरगळून जात. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह २९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि आजाराचं नाव रूढ झालं: सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ऋतूनुसार येणारं नैराश्य.

याची लक्षणं फसवी असतात. नैराश्यात झोप उडते, अन्नावरची वासना जाते, असा आपला समज. इथे बऱ्याचदा उलटं घडतं. झोप कितीही झाली तरी पुरत नाही, गोड आणि पिठूळ पदार्थ खावेसे वाटतात, वजन वाढतं, माणसांत मिसळणं नको होतं. घरच्यांना तो सरळसरळ आळस वाटतो.

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की त्यांचं मुख्य काम पाहणं हे नाहीच. त्यांच्यातलं मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य उजेड टिपतं आणि मेंदूतल्या घड्याळाला ‘दिवस उगवला’ असा निरोप देतं. डिसेंबरात लंडनला सूर्य चारच्या आधी मावळतो. मुंबईत मात्र वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. सकाळचा निरोप उशिरा पोहोचला की आतलं घड्याळ मागे पडतं, असं एक महत्त्वाचं स्पष्टीकरण आहे. मेंदूतल्या सेरोटोनिनचाही यात वाटा मानतात.

उपचाराचा दिवा दिसायला अगदी साधा असतो: पांढऱ्या उजेडाची एक सपाट पाटी, अतिनील किरण गाळून टाकणारी. खरी गंमत तिच्या ताकदीत आहे. नीट उजळलेल्या कचेरीत ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास. या दिव्याने चेहऱ्यावर १०,००० लक्स पडावेत आणि ते सकाळी उठल्या उठल्या सुमारे अर्धा तास, अशी प्रचलित मात्रा आहे. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. तो समोर किंचित बाजूला ठेवायचा आणि चहा घेत पेपर वाचायचा. खोक्यावरचा १०,००० हा आकडा मात्र ठरावीक अंतरापुरताच खरा असतो. दिवा दुप्पट लांब सरकवला, की उजेड निम्म्याहून खाली येतो. संध्याकाळी लावला तर झोपेचंच खोबरं.

कॅनडात ९६ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवा आणि फ्लुओक्सेटिनची गोळी यांची तुलना झाली. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या ६७ टक्के रुग्णांना गुण आला. नंतर अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १७७ रुग्णांवर अभ्यास झाला. तिथे दिवा आणि विचार-वर्तन बदलणारी सीबीटी पद्धत पहिल्या हिवाळ्यात तुल्यबळ ठरली. दोन हिवाळ्यांनी मात्र दिव्याच्या गटात सुमारे ४६ टक्के जणांना नैराश्य पुन्हा आलं होतं, सीबीटीच्या गटात २७ टक्के. यात नवल नाही. दिवा दर हिवाळ्यात, रोज लावावा लागतो आणि माणसं कंटाळतात.

स्वीडनमधल्या उमेओ शहरात २०१२ मध्ये बसथांब्यांवरच असे दिवे बसवले गेले. कल्पना झकास, पण बसची वाट पाहताना मिळणाऱ्या पाच-दहा मिनिटांना उपचार म्हणता येणार नाही.

दिव्याने डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, अस्वस्थ वाटणं असे त्रास होऊ शकतात. बायपोलर आजार असलेल्यांना तो उन्मादाच्या टोकाला नेऊ शकतो. डोळ्याच्या पडद्याचे विकार असलेल्यांनी आणि उजेडाला संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नये. महाराष्ट्रातल्या वाचकांनी तर पावसाळी मरगळीसाठी लगेच दिवा मागवण्याआधी सकाळी बाहेर फिरून यावं. ढगाळ हवेतही उघड्यावर हजारो लक्स उजेड मिळू शकतो.

पण मुलगी किंवा मुलगा स्टॉकहोमला, टोरांटोला असेल आणि नोव्हेंबरपासून व्हिडिओ कॉलवर ‘दिवसभर नुसती झोपच येते गं’ असं ऐकू येत असेल, तर रागावू नका. गेल्या हिवाळ्यातही असंच होत होतं का, ते विचारा आणि तिथल्या डॉक्टरांची वेळ घ्यायला लावा. जीव नकोसा झाल्याचं बोलणं कानावर आलं, तर त्याच दिवशी मदत मिळवून द्या.